बिनतारी सुखाची थोरवी

स्पीकरची वायर ही घरातली सर्वांत गरीब स्वभावाची वस्तू. तिला चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही, ती शेजाऱ्याच्या फोनशी सूत जमवत नाही, आणि उंदरांनी मनावर घेतलं नाही तर सतरंजीखाली पंचवीस-तीस वर्षं निमूट पडून राहते. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेलं स्पीकरला पोचवायचं, एवढंच तिला ठाऊक. असल्या वस्तूवर माणसाचा राग जाणारच. जी बिघडत नाही तिचं नवीन मॉडेल काढता येत नाही, आणि जिचं नवीन मॉडेल निघत नाही ती दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायची कशी?

तेव्हा ती हद्दपार झाली ते बरंच झालं. आता टीव्हीखाली लांबट साउंडबार असतो, ओट्यावर पोळ्यांच्या डब्याशेजारी एक गोल डबी असते आणि न्हाणीघरात पाण्यात पडलं तरी चालणारं एक नळकांडं असतं. त्याच्या खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडून राहिलं तरी ते मरत नाही. ऐकणाऱ्याचं काय होईल, याची हमी कंपनी देत नाही. या सगळ्या उपकरणांचे गोडवे दुकानदार गातातच, पण ते पोटासाठी. निरपेक्ष भक्ताने गायलेले गोडवे अजून यायचे होते, म्हणून हा प्रपंच.

आधी एक दंडवत इतिहासाला. १९४२ साली अमेरिकेत हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांना मिळून एक पेटंट मिळालं. पाणतीराला दिले जाणारे रेडिओ संकेत शत्रूने जाम करू नयेत म्हणून ते एका लहरीवर न ठेवता सारखे या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारत पाठवायचे, अशी ती युक्ती. उड्या कुठे मारायच्या हे दोन्हीकडे ठरवून द्यायला त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोतली भोकं पाडलेली कागदी गुंडाळी योजली होती, आणि लहरींची संख्या पियानोच्या पट्ट्यांइतकी, ८८. आरमाराने तेव्हा ते कागद बाजूला ठेवून दिले. आज आपल्या ओट्यावरची डबी त्याच जातीच्या उड्या मारते: ७९ वाटा, सेकंदाला १,६०० उड्या. फोन वीतभर अंतरावर असतो आणि घरात शत्रूचा पाणतीर नसतो, पण व्यवस्था चोख आहे. दोन रुपयांची तार वाचवण्यासाठी एवढी बुद्धी खर्ची घालणारी दुसरी संस्कृती पृथ्वीवर झाली नसेल.

या तंत्राला नाव दिलं ते दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लूटूथ या राजाचं. विखुरलेल्या लोकांना त्याने एका राज्यात आणलं, म्हणून. हॉलमधला स्पीकर आणि बायकोचा फोन पहिल्या फटक्यात एका राज्यात आणणं त्यालाही जमलं असतं का, हा प्रश्न इतिहासकारांवर सोडू.

उड्या माराव्या लागतात, कारण जागा चिंचोळी आहे. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कुणीही परवान्याशिवाय वापरावा असा मोकळा ठेवलेला, त्यामुळे त्यात आपलं वायफाय, वरच्या मजल्याचं वायफाय, बिनतारी माउस, बाळाच्या खोलीतला कॅमेरा असे सगळेच घुसलेले. संध्याकाळी सातला तिथे जी गर्दी असते तिच्यापुढे पुण्यातला नळ स्टॉपचा चौक ओसाड म्हणावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. आमटी गरम करायला ठेवली की किशोरीताईंची तान मध्येच दोन ठिकाणी तुटते. कोत्या मनाची माणसं याला दोष म्हणतात. मी म्हणतो, आमटी गरम होते आहे हे हॉलमध्ये बसल्या बसल्या कळतं, ही सोय वायरवाल्यांकडे होती का? शिवाय या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड केलं की गाणं अडखळू शकतं. कलाकारासमोर कसं उभं राहावं याची शिस्त आपल्याला कुणी लावली नव्हती. ती आता लागते.

आता ‘बिनतारी’ या कीर्तीविषयी. घरात चार पेट्यांचा बिनतारी संच आणला. पट्टी एक, सब-वूफर एक, मागे ठेवायचे छोटे दोन. चौघांनाही विजेची वायर आहे. म्हणजे भिंतीत चार प्लग हवेत, आणि आपल्या बिल्डरने त्या भिंतीत एकच दिलेला असतो, तोही सोफ्याच्या मागे. म्हणून एक एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्डाची वायर दिसू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी. जुन्या पद्धतीत मागच्या स्पीकरला प्लग लागत नव्हता, कारण गाणं आणि ते वाजवायची ताकद हे दोन्ही त्याच एका मुक्या तारेतून जात होतं. हे लक्षात आणून देणारी माणसं प्रत्येक कुटुंबात असतात. माझ्या कुटुंबात ते काम मामांकडे आहे.

मामा सदाशिव पेठेत राहतात. त्यांच्याकडे बुधवारातल्या तपकीर गल्लीतून एकेक भाग आणून एका ओळखीच्या कारागिराने जोडून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीच्या दोन लाकडी पेट्या. दोन पेट्या आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, म्हणून त्यांनी फरशीवर खडूने खुणा केल्या आहेत. मामी फरशी पुसताना त्या पुसत नाहीत. त्यांच्या संसारातलं मला माहीत असलेलं हे सर्वांत मोठं प्रेम.

मामांचं म्हणणं असं की डोळे मिटले की तबला एका बाजूला दिसतो, पेटी दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध गायक. हे दिसण्याचं शास्त्र इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंजिनिअरने १९३१ साली पेटंटासाठी लिहून काढलं. तो बायकोबरोबर सिनेमाला गेला असता नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून, हे त्याला खटकलं, असं सांगतात. खटकण्याची सवय वाईट. त्याच्या त्या एका खटकण्यापायी पुढची कित्येक दशकं लोकांनी घरात दोन-दोन पेट्या सांभाळल्या, त्या भिंतीपासून किती लांब ठेवायच्या यावरून भांडणं केली. एका डबीने हे सगळं मिटवलं. तिच्यात तबलजी, पेटीवाला, तंबोरे आणि गायक सगळे एकाच वितीत एकमेकांच्या मांडीवर बसून मैफल करतात. जागेची केवढी बचत! (मामांच्या कपाटातल्या निम्म्या तबकड्या मुळातच एका माइकवर घेतलेल्या आहेत आणि त्यांच्यासाठी एक डबा पुरेसा आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.)

डग्ग्याचं प्रकरण याहून मोठं. खालचे स्वर निघायचे तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि दोन इंची पडद्याला तेवढी ढकलता येत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, सेलमध्येही त्यावर सूट नसते. पण माणसाच्या कानाला एक खोड आहे. खालचा मूळ स्वर गाळून नुसते त्याच्या पटीतले वरचे स्वर ऐकवले, तरी मेंदू गाळलेला स्वर आपल्या पदरचा घालून ऐकतो. छोट्या स्पीकरातलं बरंचसं प्रोसेसिंग या खोडीवर चालतं. म्हणजे ‘काय बेस आहे रे!’ असं आपण म्हणतो तेव्हा तो बेस बराचसा आपण स्वतःच वाजवत असतो. पैसे देऊन वस्तू विकत घ्यायची आणि वर कामही आपणच करायचं, ही पद्धत घरी जोडायचं फर्निचर विकणाऱ्यांनी रुळवली होतीच. संगीतात ती आली याचं मला कौतुक आहे.

गुणवत्तेविषयी बोलायचं तर हल्ली स्ट्रीमिंगवाले ‘लॉसलेस’ नावाचा प्रकार विकतात. एक कणही न गाळता, सीडीवर होतं तसंच्या तसं, सेकंदाला १,४११ किलोबिट. सज्जन गृहस्थ त्यासाठी दरमहा पैसे मोजतात. ते गाणं समुद्राखालच्या केबलमधून, मग रस्ता खोदून टाकलेल्या फायबरमधून, जिन्यातून, खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून एक कणही न सांडता फोनपर्यंत येतं. तिथून डबीपर्यंतच्या शेवटच्या सहा फुटांत ब्लूटूथ त्याला दाबून, गाळून साधारण सव्वातीनशे किलोबिटांत बसवतं. चांगली कोडेक (आवाज दाबण्या-सोडवण्याची रीत) असली तर जास्त मिळतात, पण ती फोन आणि डबी दोघांनाही यावी लागते, आणि ही स्थळं पत्रिकेसारखी आधी जुळवून पाहण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही. या काटछाटीने फरक कळतो का? ओट्याशी कुकरच्या शिट्टीत नाही कळत, हे मान्य केलं पाहिजे. शांत खोलीत तंबोऱ्याची जवारी लावली तर कळतो. पण शांत खोली आणायची कुठून? ती अ‍ॅमेझॉनवर मिळत नाही.

क्रिकेटवाल्यांना या उपकरणाने जे दिलं आहे त्याची तर कुठे नोंदच नाही. ब्लूटूथमध्ये आवाज बांधा, पाठवा, सोडवा यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. नवे टीव्ही चित्र तेवढंच थांबवून हिशेब जुळवतात. जुन्या टीव्हीवर मात्र चेंडू बॅटला लागतो, मग क्षणभराने टक् येतं. लोक वैतागून सेटिंगमध्ये शिरतात. त्यांनी जरा गणित करावं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांत अडुसष्ट मीटर. खेळपट्टीपासून सीमारेषा साधारण तेवढीच दूर. वानखेडेवर सीमारेषेलगत बसणाऱ्याला बॅटचा आवाज जेवढा उशिरा ऐकू येतो तेवढाच तो तुम्हाला घरच्या सोफ्यावर ऐकू येतो, तोही तिकिटाशिवाय. एका खोलीत एक आणि दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कंपनीची अशा दोन डब्या लावल्या तर मधल्या पॅसेजमध्ये भीमसेनजींची भीमसेनजींशीच जुगलबंदी ऐकायला मिळते. असा योग सवाई गंधर्वातही कधी आला नाही.

समाजाला जवळ आणण्याचं कामही या डब्या करतात. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने आरतीच्या ध्वनिफिती फोनवरून मोठ्या ब्लूटूथ स्पीकरवर लावल्या. फोन सेक्रेटरींचा. कापूर पेटलेला, ताम्हण एका आजींच्या हातात, पुढच्या रांगेतली पोरं झांजा कुटतायत, आणि तिसऱ्या कडव्याच्या ऐन भरात टाळ-मृदंग बंद होऊन पार्किंगभर एका बाईंचा गोड आवाज घुमला: ‘सर, आपके लिए प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोन...’ सेक्रेटरी फोन शोधायला धावले, तो कुणीतरी चार्जिंगला लावून त्यावर नारळाची पिशवी ठेवलेली. आजींनी ताम्हण थांबवलं नाही. कर्जाची रक्कम, व्याजाचा दर, मुदत हे सगळं देवासमोर आरतीच्या ठेक्यात पार पडलं. शेवटी आजीच म्हणाल्या, ‘अहो, घ्या हो कर्ज, पण पुढचं कडवं लावा.’ तारेच्या स्पीकरवर असा जाहीर व्यवहार शक्य होता का? पूर्वी सेक्रेटरींच्या आर्थिक स्थितीबद्दल नुसत्या अफवा होत्या.

आणि शेजारधर्म? फोनवर जोडणीची यादी उघडा. आपली डबी, खालच्यांचा साउंडबार, कुणाचं घड्याळ, कुणाची कार. नवखा माणूस पहिलं नाव दाबतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या झोपायच्या खोलीत रात्री साडेअकराला लावणी सुरू होते. यातून झालेल्या ओळखी टिकाऊ असतात.

टिकाऊपणावरून आठवलं. जुन्या स्पीकरचा दोष असा की तो मरत नसे. नव्याला मृत्यूचं भान दिलेलं असतं. आतली लिथियम बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की मंदावते. बऱ्याच डब्यांत ती सहज बदलता येत नाही, कारण डबा उघडणं हेच मुळात अशिष्ट मानलेलं आहे. वायफायवर चालणाऱ्या बहुतेकांना बॅटरी नसते, म्हणून त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर आहे. सोनॉस ही या क्षेत्रातली मोठी अमेरिकन कंपनी. जुना स्पीकर देऊन नव्यावर तीस टक्के सूट, अशी योजना तिने २०१९ मध्ये काढली. अट एकच, जुन्याला ‘रीसायकल मोड’मध्ये टाकायचं. मग २१ दिवसांनी तो आपणहून कायमचा बंद. उत्तम वाजत असलेल्या वस्तूला मुहूर्त पाहून प्रायोपवेशनाला बसवण्याची ही कल्पना इतकी थोर होती की गिऱ्हाइकांना पेलली नाही. ओरडा झाला आणि २०२० मध्ये कंपनीला ती मागे घ्यावी लागली. पुढे मे २०२४ मध्ये तिने आपलं अ‍ॅप नव्याने लिहिलं. त्यात आधी असलेल्या स्लीप टायमरसारख्या गोष्टी सुरुवातीला गायब होत्या. काल रात्री असलेली सोय आज सकाळी नाही, आणि स्पीकर जागचा हललेलासुद्धा नाही. तारेच्या जमान्यात अशी चोरी करायला निदान घरात शिरावं लागायचं. त्या गोंधळानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. स्पीकरच्या पायी एवढ्या मोठ्या माणसाची नोकरी जाते, यावरून विषयाचं गांभीर्य लक्षात यावं. मामांच्या अ‍ॅम्प्लिफायरने इतक्या वर्षांत एकाचीही नोकरी घालवलेली नाही. एकदा त्यातून घरघर येऊ लागली तेव्हा कारागिराने एक कपॅसिटर बदलला आणि चहा घेऊन तो गेला.

बोलणाऱ्या डब्यांबद्दल थोडक्यात. माझ्या एका चुलतबहिणीकडे आहे. तिला (डबीला) मराठी येत नाही. त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या आमच्या काकू तिच्याशी इंग्रजीत बोलतात. ‘प्ले अभंग’ येतं, ‘स्टॉप’ येतं, आणि डबीने भलतंच काही लावलं की काकू अस्सल सातारी बोलतात. ते डबीला कळत नाही, हे तिचं नशीब. सूनबाईंशी मात्र हल्ली काकूंचं उत्तम चालतं. त्यांना आता घरात दुसरं कुणीतरी मिळालं आहे.

निंदकांच्या तोंडाला लागायचं नाही असं ठरवूनही एक-दोन गोष्टी कबूल करतो, कारण त्या खऱ्या आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलत फिरणाऱ्या पोरांना, जिथे मालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही, तिथे कमरेएवढ्या पेट्या घेऊन कुठे फिरायचं? त्यांना डबीच हवी. वीज गेली की वायफायचा राउटर मरतो आणि महागडा संच शोभेला उरतो, पण बॅटरीची स्वस्त ब्लूटूथ डबी फोनमध्ये उतरवलेली गाणी अंधारातही वाजवते. आणि २०१७ मध्ये सारेगामाने जुन्या रेडिओच्या घाटाचा ‘कारवाँ’ काढला, पाच हजार जुनी गाणी आधीच पोटात घालून. तो म्हाताऱ्या मंडळींनी उचलून धरला, त्याचं कारण त्याचं ब्लूटूथ नव्हतंच. एक गोल खटका फिरवला की गाणं लागतं, हे होतं. या कबुलीने माझ्या भक्तीला बाधा येत नाही.

कारण बिनतारी स्पीकरचा मुख्य उपकार वेगळाच आहे. त्याने आपल्याला ऐकण्यातून मोकळं केलं. मामांची रविवारची सकाळ पाहावी. अंघोळ झाली की ते तबकडी पुसतात, सुई ठेवतात, खडूच्या खुणेवर खुर्ची सरकवतात आणि बसतात. एक बाजू संपायला वीस-बावीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते बोलत नाहीत, पेपर वाचत नाहीत, मामींनी हाक मारली तर हात वर करतात. एक धडधाकट माणूस अख्खा विलंबित ख्याल खुर्चीत बसून ऐकतो! त्या वेळात किती मेसेजांना उत्तरं देऊन झाली असती! ही सक्ती त्या तारांमुळे होती. पेट्या जागच्या हलत नसत, म्हणून माणसाला पेट्यांकडे जावं लागे, आणि एकदा गेलं की बसावं लागे. आता गाणं आपल्या मागे मागे येतं. भाजी चिरताना येतं, इस्त्री करताना येतं, दात घासताना येतं. सकाळी सहाला लावलेला राग दुपारी तीनला कुठला तरी रिमिक्स होऊन वाजत असतो आणि मधे काय काय होऊन गेलं ते घरात कुणालाही सांगता येत नाही. सगळीकडे संगीत आहे आणि ऐकण्याची जबाबदारी कुणावरच नाही. पूर्वी हे सुख फक्त लग्नाच्या हॉलमधल्या सनईवाल्याच्या श्रोत्यांना होतं.

या चळवळीला खरा धोका वायरवाल्यांपासून नाही. ते आता थोडे उरले. धोका आहे तो तडजोडवाल्यांपासून. तपकीर गल्लीत काही शे रुपयांना काड्यापेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. तो जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे खोचायचा, की फोनवरचं गाणं हवेतून येतं आणि वाजतं मात्र त्याच जुन्या लाकडी पेट्यांवर, त्यांच्या सगळ्या हवा ढकलण्यासकट. नवं अ‍ॅप नको, चार प्लग नकोत, पेट्या टाकून देणं नको. उद्या रिसीव्हर बिघडला तर तेवढाच फेकायचा. एवढ्या स्वस्तात काम भागू लागलं तर साउंडबारवाल्यांनी मुलाबाळांना काय घालायचं?

दुःखाची गोष्ट ही की मामा तिकडे वळले. नातीने पाठवलेली गाणी ऐकायची होती म्हणे. मीच त्यांच्याबरोबर दुकानात गेलो होतो, मोठा साउंडबार दाखवावा या आशेने. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिसीव्हर हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, मागची दोन भोकं नीट तपासली.

‘काका, याला अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक वायर लागेल,’ दुकानदार म्हणाला. ‘देऊ?’

‘नको,’ मामा म्हणाले. ‘घरी आहेत.’